विचारपूर्व अवस्थेतील गृहस्थ

गेल्या आठवड्यात एका पंचविशीतील समुपदेशिकेने, माझे आडनाव वाचताच हिंदीवरून मराठीवर येत, मी अद्याप विचार करू लागलेलो नाही असे छापील कागदावर नोंदवले आणि खाली माझीच सही घेतली. निमित्त आरोग्य तपासणीचे होते. साखर सीमारेषेवर, रक्तदाब रेषेच्या किंचित पलीकडे, म्हणून डॉक्टरांच्या आधी समुपदेशन. ‘‘येत्या सहा महिन्यांत शेव आणि तळलेले पदार्थ कमी करण्याचा विचार आहे का, अंकल?’’ या प्रश्नाला मी ‘‘बघू या’’ असे उत्तर दिले. ज्या इंदुरात पोह्यांवरही मूठभर शेव पडते आणि दिवसा दागिने विकणारा सराफा रात्री खाण्याचा बाजार होतो, तेथे याहून ठाम उत्तर देणे मला अप्रामाणिक वाटले. तिने पाचांपैकी पहिल्या चौकटीत खूण केली: ‘विचारपूर्व अवस्था’.

या चौकटींचे मूळ जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या कामात आहे. स्वतःच्या बळावर धूम्रपान सोडणाऱ्या लोकांवरील त्यांचा निबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे त्यातून विचारपूर्व, विचार, तयारी, कृती व सातत्य अशा पायऱ्या रूढ झाल्या. सहा महिन्यांत बदलण्याचा मानस असेल तर ‘विचार’, महिन्याभरात असेल तर ‘तयारी’. या हिशेबात माझ्यासारख्याला जागाच नाही, कारण मी वर्षानुवर्षे विचाराखेरीज दुसरे काही केलेले नाही. गराडूच्या कढईसमोर उभा राहून मी माझ्या धमन्यांविषयी जितके चिंतन केले आहे तितके ते तळणाऱ्यानेही तेलाविषयी केले नसेल.

हे मी तिला सांगू लागलो, तोच शेजारच्या खुर्चीवरील सत्तरीचे एक काका शेव-परमलची पुडी माझ्यापुढे धरत म्हणाले, ‘‘अहो, ‘हो’ म्हणायचं असतं!’’ उपाशीपोटीचे रक्त देऊन झाले असल्याने आपल्यावर आता कोणतेही बंधन नाही, असे त्यांनी पुडीच्या समर्थनार्थ आपणहून सांगितले.

‘‘काका, तुमचं काय?’’ मुलीने विचारले.

‘‘मी ना, या महिन्यातच सुरू करतोय, बेटा.’’

‘तयारी’च्या चौकटीत खूण झाली.

‘‘मागच्या वेळीही तयारीच होती ना?’’

‘‘तयारी पक्की हवी. घाईनं सोडलेलं टिकत नाही, हे तूच सांगितलं होतंस.’’

ती चक्क हसली. माझ्याकडे पाहून ती एकदाही हसली नव्हती, हे येथे नमूद केले पाहिजे. ती आतल्या खोलीत जाताच काकांनी खुर्ची जवळ ओढली. ‘‘कृतीत गेलात की शेव सुटते. विचारात राहिलात की झोप उडते. तयारीत दोन्ही शाबूत राहतात. मी तर तिथंच घर केलंय.’’

‘‘आणि पहिल्या चौकटीत?’’

‘‘तिथं पिक्चर दाखवतात.’’

ते खरे निघाले. पहिल्या पायरीवरील माणसाची जाणीव वाढवावी, असे हा सिद्धांत सांगतो. म्हणून मला तुंबलेल्या धमन्यांची चित्रफीत पाहावी लागली. काकांनी ती पुडी संपेपर्यंत माझ्यासोबत पाहिली आणि एका धमनीला दादही दिली.

माझा राग त्या मुलीवर नाही, तिच्या हातातल्या कागदावर आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी क्ष-किरणांच्या गाड्या वस्तीपर्यंत नेल्या, पैसेही घेतले नाहीत, तरी पुष्कळ लोक फिरकले नाहीत. त्या कोड्यातून हॉकबाम, रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांनी ‘आरोग्य-श्रद्धा प्रारूप’ उभे केले: आपल्याला धोका आहे असे वाटते का, तो किती गंभीर वाटतो, लाभ कोणते दिसतात, अडथळे कोणते जाणवतात. निदान तेथे अडथळ्यांना एक रकाना तरी होता. मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांच्या १९९१ च्या मांडणीत तर जवळच्या माणसांची अपेक्षा हा हेतू घडवणारा घटक आहे, आणि माझ्या जवळच्या माणसांची अपेक्षा दुसऱ्यांदा पोहे घेण्याचीच असते. माझ्या कागदावर ना अडथळ्यांसाठी जागा होती, ना त्या माणसांसाठी. कढई कोणाची, वाढणारे कोण, संध्याकाळी चालायला पदपथ मोकळा आहे की त्यावर गाड्या उभ्या आहेत, यांपैकी काही न विचारता सगळा दोष माझ्या डोक्यातल्या एका पायरीवर ठेवून तपासणी केंद्र मोकळे झाले, आणि ‘समुपदेशन शुल्क’ म्हणून बिलात वेगळी रक्कमही लावली.

घरी आल्यावर मी वाचन केले. ब्रिटिश संशोधक रॉबर्ट वेस्ट यांनी २००५ साली पायऱ्यांचे हे प्रारूप आता निवृत्त करावे असे स्पष्ट लिहिले असून, या पायऱ्यांमधल्या सीमारेषा मनमानी आहेत असा त्यांचा एक आक्षेप आहे. तो वाचून मला जो आनंद झाला तो साखरेच्या अहवालाने कधी दिलेला नाही.

त्या बळावर मी तपासणी केंद्राला एक सविस्तर, सभ्य पत्र पाठवले आणि माझी खूण निदान एक चौकट पुढे सरकवावी अशी विनंती केली. उत्तर तत्परतेने आले. अवस्थेतील बदलाची नोंद पुढील तपासणीतच करता येते, आणि ती सहा महिन्यांनी आहे.