'भरलं घर आहे, मग आधार कशाला?' : एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या तालुक्यात सध्या एक मेसेज फिरतोय. भावकीच्या ग्रुपवर तोच, बचत गटाच्या ग्रुपवर तोच, संत्रावाल्यांच्या ग्रुपवरही तोच. मजकूर थोडक्यात असा : म्हातारपणी विसरायला होतंच, त्याला आजार म्हणणं ही डॉक्टरांची दुकानदारी. स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) हा शहरात एकट्या राहणाऱ्यांचा रोग, खेड्यात तो नाही. आपल्याकडे भरलं घर असतं, त्यामुळे सांभाळणाऱ्याला ताण येत नाही. म्हाताऱ्याला काही सांगू नये, व्यवहार गुपचूप काढून घ्यावेत. आणि सेवा करणाऱ्या सुनेला समुपदेशन म्हणजे शहरी चोचले.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. पण ज्या घरात हे नुकतंच सुरू झालंय, तिथली बाई हा मेसेज वाचते आणि दवाखान्यात जायचा विषय काढायचं सोडून देते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'वय झालं की विसरायला होतंच'

चष्मा कुठे ठेवला ते विसरलं, तर हो, वय झालं. पण कापूस विकून आलेले पैसे कुणाला दिले ते आठवत नाही, मजुरांना एकच मजुरी दोनदा दिली जाते, आयुष्यभर ज्या धुऱ्यावरून गेले तिथेच वाट चुकते, दहा मिनिटांत तोच प्रश्न चौथ्यांदा येतो, तर हे डॉक्टरला दाखवायचं लक्षण आहे. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देण्यात मोठा तोटा असा, की विसरण्याची काही कारणं उपचारानं सुधारतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता घ्या. माळकरी, शाकाहारी घरांत आणि शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती बरीच आढळते. थायरॉइडचा त्रास, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडून डोक्याला मार लागल्यावर आत हळूहळू साचलेलं रक्त, ही आणखी काही. आणि चांगला बोलता-चालता माणूस दोन दिवसांत एकदम बरळायला लागला, तर ते स्मृतिभ्रंशाचं चित्र नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, ताप, रक्तातलं मीठ उतरणं असं काही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सुरुवातीच्या रक्ततपासण्या साध्या असतात. वर्ध्याजवळचे सेवाग्राम आणि सावंगीचे मोठे दवाखाने, नागपूरचं मेडिकल, यवतमाळ-अकोल्याची सरकारी मेडिकल कॉलेजं, इतकं तरी आपल्या आवाक्यात आहे.

'खेड्यात हा रोग नाही'

आहे, आणि शहरापेक्षा जास्त आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लासी-डॅड' या देशव्यापी अभ्यासानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. कमी शिक्षण हा एक धोक्याचा घटक आहे, आणि आपल्याकडच्या सत्तरीतल्या किती बायका शाळेत गेल्या ते आपल्याला ठाऊक आहे.

'भरल्या घरात ताण कसला?'

या मुद्द्यावर जरा थांबते, कारण मेसेजचा सगळा भार यावरच आहे.

भरलं घर म्हणजे नेमकं कोण ते मोजा. थोरला शेतात, धाकटा पुण्याला कंपनीत, मुली सासरी, नातवंडं शाळेत. उरते सून. वेचणीच्या दिवसांत ती दुसऱ्याच्या शेतात जाते, घरी थांबली तर रोज बुडतो. घरात माणसं सहा असली तरी रात्री दोनला कडी वाजल्यावर उठणारी ती एकटीच. वाटून सांभाळणारी घरंही मी पाहिलीत, नाही असं नाही. तिथे खरंच सुसह्य होतं. पण ते वाटणीमुळे. डोकी जास्त असून भागत नाही.

याहून कठीण गोष्ट वेगळीच आहे. सासूबाई जेवतात, हात धुतात, अर्ध्या तासानं ओट्यावर जाऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सकायपासून मले जेवाले नाही देलं वं माय." त्या खोटं बोलत नाहीत. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग अगदी सुरुवातीला बिघडतो. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नातलं मानपान आठवतं आणि आत्ताची भाकर आठवत नाही. शेजाऱ्यांचा हिशेब मात्र सरळ असतो : जुनं सगळं बरोबर सांगते, डोकं ठिकाणावर आहे, मग जेवणाचंच खोटं काहून सांगन? फ्लॅटमध्ये हे वाक्य भिंतीच्या आत राहतं. गावात ते संध्याकाळपर्यंत पाराला पोहोचतं, आणि दुसऱ्या दिवशी भावकीतलं कुणीतरी सुनेला समज द्यायला येतं. बटव्यातल्या पैशांचंही तसंच. स्वतःच लपवलेले, जागा विसरलेली, नाव सुनेचं.

त्यात दिवाळीला लेक येते. परक्या किंवा पाहुण्या माणसासमोर असा रोगी बरेचदा सावरून बसतो, नीट बोलतो. लेक दोन दिवस राहते आणि म्हणते, "माय तर ठणठणीत आहे, वहिनीच कंटाळली." या एका वाक्यानं जे होतं ते रात्रीच्या जागरणानंही होत नाही.

तर आधार म्हणजे काय? एक, डॉक्टरनं आजार समजावून सांगताना सुनेसोबत नवरा, नणंद आणि जमलं तर भावकीतलं एखादं वजनदार माणूस बसलेलं हवं. सुनेनं घरी येऊन सांगितलेलं कुणी ऐकत नाही, तेच डॉक्टरच्या तोंडून चालतं. दोन, वाद घालायचा नाही हे सगळ्यांनी शिकायचं. "आत्ताच तर जेवल्या ना" म्हटलं की भांडण. "बसा, भाकर टाकतेच, तोवर मुरमुरे घ्या" म्हटलं की बहुतेक वेळा निभतं. पैसे हरवले तर "चला, शोधू". तीन, आठवड्यातून एक अख्खी दुपार तिची. त्या दुपारी दुसरं कुणी बसेल, आणि ती बाजाराला गेली की नुसती झोपली, हे विचारायचं नाही.

आणि राग. "कधी कधी वाटते, सुटले एकदाचे तर बरं," हे मी बायकांच्या तोंडून ऐकलंय, तेही आजूबाजूला कुणी नाही ना बघून. दमलेल्या माणसाच्या मनात असं येतं. तिला पापाची भीती घालण्यापेक्षा तिच्याजवळ बसा. समोर बसलेलं माणूस जिवंत असताना थोडं थोडं जातंय, याचं दुःखही त्यातच असतं. त्याला ना तेरावं, ना भेटायला येणारे. बायकोला सांभाळणारे म्हातारे नवरेही आहेत, पहिल्यांदाच चुलीपुढे बसलेले. त्यांना तर कुणी विचारतही नाही.

'त्याला काही सांगू नका'

बऱ्याचदा त्याला आधीच कळलेलं असतं. सुरुवातीच्या दिवसांत माणूस स्वतःच घाबरतो आणि लपवतो. नावं आठवत नाहीत म्हणून भजनाला जाणं बंद करतो, लोक म्हणतात घुम्या झाला. अशा वेळी व्यवहार गुपचूप काढून घेतले तर मनातल्या संशयाला पुरावाच मिळतो : "पोरानं माही जमीन खाल्ली."

उलट, हीच वेळ आहे त्याला विचारायची. पीककर्जाचं कोण बघेल, बँकेचं खातं जॉइंट करायचं का, कोणतं वावर बटईनं द्यायचं, मृत्युपत्र करायचं का. आज तो हे स्वतःच्या तोंडानं सांगू शकतो. पुढे त्याच्या सहीवरच भाऊबंद बोट ठेवतील. रोगाचं नाव किती सांगायचं ते तो किती विचारतो त्यावर ठरवा. सगळ्यांना सगळं ऐकायचं नसतं. हातातलं काम मात्र काढू नका, तुरीच्या शेंगा सोलणं, ढोरांना चारा टाकणं चालू द्या. कुलूप लावायचंच असेल तर फवारणीच्या औषधाच्या डब्यांना लावा, आणि बिनकठड्याच्या विहिरीला जाळी बसवा.

'समुपदेशन म्हणजे शहरी चोचले'

गोव्यात स्मृतिभ्रंशाचा रोगी सांभाळणाऱ्या ८१ कुटुंबांवर एक प्रयोग झाला, २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. त्यात घरी जाणारे लोक तज्ज्ञ नव्हते. बारावीपर्यंत शिकलेले, स्थानिक भाषा बोलणारे, थोडं प्रशिक्षण घेतलेले. ते घरी बसायचे, ऐकायचे, आजार समजावून सांगायचे, कोणत्या वागण्याला काय करायचं ते दाखवायचे. गरज पडली तर डॉक्टर मागे होता. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलेलं दिसलं. रोग काही बरा झाला नाही, तसा कुणाचा दावाही नव्हता.

हे लांबचं वाटत असेल तर अमरावती जिल्ह्याकडे या. 'विश्राम' प्रकल्प इथल्याच ३० गावांत चालला. तो नैराश्यासाठी होता, स्मृतिभ्रंशासाठी नाही. पण दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आपली माणसं बोलत नाहीत हे म्हणणं मग कितपत टिकतं? गावातलंच कुणी प्रेमानं विचारायला आलं, की बोलतात.

स्मृतिभ्रंशासाठी असं घरोघरी जाणारं माणूस आपल्या बहुतेक गावांत आज नाही, ही खरी तक्रार आहे, आणि ती ग्रामसभेत मांडता येते. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत. ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. सांभाळणाऱ्यानं स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. "मला सासूचा राग येतो" एवढंच सांगायचं असलं तरी चालतं. पलीकडचा माणूस आपल्या गावचा नसतो.