मालक, कल्याण का?

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी जीपीएसवरून शोधायची. २ मे २००० ला अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढली, दुसऱ्याच दिवशी तिकडं ऑरेगनमध्ये पहिली डबी लपली आणि त्याचे भोग मी सोलापूरजवळच्या एका खेड्यात भोगतोय.

जुनं दगडी चर्च, मागं कबरी. आत रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन चाललेलं. कोडं असं, की एका कबरीवरच्या सालाचा शेवटचा आकडा अक्षांशात घालायचा. मी उकिडवा बसून वहीत आकडे मांडत होतो. तेवढ्यात गावातला एक जण जवळ आला.

"मालक, कल्याण का?"

"नाही ओ, कल्याण मटका नाही, हा खेळ आहे."

"खेळच की. आम्ही बी खेळतो." तो शेजारीच बसला. "ओपन नका सांगू, राहू दे. क्लोज तेवढा सांगा."

"अहो, वर उपग्रह फिरतात, ते जागा दाखवतात."

"ग्रहावरनंच काढतात सगळे!" तो समाधानानं म्हणाला.

दगड झिजलेला. १८९१ की १८९७? सत्त्याण्णव असेल तर दुष्काळाचं साल, आणि कबर आखूड, लेकराची. मी तिथं अडकलो होतो. त्यानं चुन्याचं बोट फिरवून निकाल दिला, "सात धरा. आठवडाभर सात चालू आहे."

अक्षांशाच्या मिनिटात पहिल्या दशांशाला सहाचा फरक पडला की जागा किलोमीटरभर उत्तरेला सरकते. त्याच्या सातानं मी कुणाच्या तरी मालदांडी ज्वारीत घुसून शिव्या खाल्ल्या असत्या. एक धरला, तर कंपाउंडची भिंत.

डबी बघ्यांच्या नकळत काढायची असते. पण हा हलेना. गाव विचारलं, आडनाव विचारलं, पगार विचारला. कबर कुणाची, हे मात्र एकदाही नाही. चौकात तासभर रील बघत बसा, कुणी हटकत नाही. दगड वाचायला बसलं की लगेच चौकशी!

शेवटी त्याच्यादेखतच भिंतीच्या फटीतून डबी काढली. आत पेन्सिलीचा तुकडा आणि आधी येऊन गेलेल्यांच्या नावा-तारखांची चिठ्ठी. त्याचे डोळे चमकले.

"जुने निकाल का?"

मी उत्तर देण्याआधी त्यानं चिठ्ठीचे मोबाइलवर फोटो काढले, तारखांची बेरीज मांडायला माझीच वही घेतली, आणि शेवटी पेन्सिल कानावर खोचून निघून गेला. आता नवी पेन्सिल मीच नेऊन ठेवायची, पदरच्या पेट्रोलनं.