उतारावरचा जावई

माझी गाडी १९९६ची मारुती ८००, चोक ओढून चालू करायची. आणि मी साताऱ्यात राहतो, हे तिचं नशीब. मागचे चार महिने ती किल्लीवर नाही, उतारावर चालू होत होती. घर समर्थ मंदिराजवळ. हँडब्रेक सोडायचा, सेकंड गिअर टाकायचा आणि राजवाडा यायच्या आत क्लच सोडायचा. भाजी, दाढी, लग्नकार्य, सगळं मी उतार बघून ठरवू लागलो. पंधरा वर्षांचा न्हावी बदलला. बिचाऱ्याचं दुकान सपाटीवर होतं.

दुखणं एवढंच, की किल्ली फिरवली की 'टक्'. पुढे काही नाही. हॉर्न मात्र खणखणीत, हेडलाइट लख्ख.

पहिला मिस्त्री म्हणाला, "बॅटरी गेली." नवी घातली. टक्. दुसऱ्यानं सेल्फ (इंजिनला पहिला झटका देणारी मोटर) खोलला, त्यातले कार्बन बदलले, बेंडिक्स नावाचं दातेरी चाक धुतलं. तीन दिवस बरे गेले, चौथ्या दिवशी टक्. तिसऱ्यानं सेल्फला पान्ह्यानं दोन ठोके दिले आणि तो पान्हा डिकीत ठेवायला सांगितला. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक.

खरी फजिती सांगलीला. सासुरवाडी तिथं, आणि ते गाव म्हणजे परातीसारखं सपाट. कृष्णेचं पाणीसुद्धा तिथं विचार करत वाहतं, तिथं माझी गाडी काय घरंगळणार! निघायच्या वेळी सासरे गल्लीत नुसतं खाकरायचे, की चार घरांतली माणसं बाह्या सरसावून हजर. "जावईबापू, तुम्ही बसा आत," म्हणत मला ढकलत गावाबाहेर काढायचे. पाहुण्याला याहून स्पष्ट कसं सांगणार?

रोग सापडला तो बायकोला. मी किल्ली पिळत होतो आणि ती खाली पडलेला रुमाल शोधत होती. "अहो, ही चोकची केबल केवढी तापलीय! चटका बसला."

चोकची केबल तापायचं कारणच काय? रात्रभर डोकं खाल्लं आणि सकाळी मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरी १२.६ व्होल्ट, ठणठणीत. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनला लावलं आणि बायकोला किल्ली मारायला सांगितली. तिथं फार तर अर्धा व्होल्ट दिसायला हवा. दिसले पाच!

इंजिन बसतं रबरी माउंटिंगवर. त्यामुळे सेल्फचा करंट परत जायला बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. तिचा बोल्ट साताऱ्याच्या पावसात गंजून खपली झाला होता. हेडलाइटचा बल्ब चार-पाच अँपिअरवर भागवतो, शिवाय त्याची वाट या पट्टीवरून जातच नाही. सेल्फला शंभराच्या वर लागतात. ते बिचारे मिळेल त्या फटीतून, म्हणजे इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत येणाऱ्या चोकच्या धातूच्या केबलमधून परत येऊ बघत होते. नवी पट्टी, सँडपेपर, थोडं ग्रीस: दोनशे रुपयेही लागले नाहीत. आधी बॅटरी आणि सेल्फवर किती गेले ते बायकोला अजून माहीत नाही, तेव्हा इथंही लिहीत नाही.

परवा सांगलीला गेलो. निघताना मंडळी नेहमीसारखी मागच्या काचेला हात लावून उभी. मी ऐटीत किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू! कुणी टाळी वाजवली नाही. हात तसेच हवेत. सासऱ्यांचा चेहरा तर अगदी उतरला.

"जावईबापू," ते खिडकीशी वाकून म्हणाले, "एकदा बंद करून बघा की. हे सगळे जेवण अर्धं टाकून आलेत."

मी गाडी बंद केली. सेकंड टाकला.