कॅनबेराची होडी का केली: एका काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण वय ८१ आणि आग्र्याला हवाई दलात कॅनबेरा या जुन्या जेट बॉम्बरवर ग्राउंड क्रूमध्ये होतो एवढं लिहिलंत, म्हणून काका म्हणतो. तुमची प्रतिक्रिया मी तीन दिवसांत बऱ्याच वेळा वाचली. दोन ओळींत आभार मानून सोडून देण्यासारखी ती नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी १/७२ मापाच्या एअरफिक्स कॅनबेराच्या किटमधून एक काल्पनिक जेट सीप्लेन (पाण्यावरून उडणारं, पाण्यावरच उतरणारं विमान) बनवलं आणि त्याचे फोटो टाकले. त्यावर काकांचं म्हणणं असं: "चांगल्या विमानाची होडी केलीत. जेट इंजिनाला पाणी चालत नाही, पहिल्याच धावेत ते पाणी गिळेल. उद्या हाच फोटो कुणीतरी खरा म्हणून फिरवेल. आणि शेपटीवर तुम्ही जो नंबर चिकटवलाय, त्या विमानाला मी स्वतःच्या हाताने इंजिन सुरू करायची काडतुसं भरलेली आहेत."

शेवटच्या वाक्याकडे मी शेवटीच येतो. आधी इंजिनाचं.

जेट पाण्यावरून उडतं, आणि हे १९४७ सालीच सिद्ध झालंय. ब्रिटनच्या सॉन्डर्स-रो कंपनीचं एसआर.ए/१ हे जेट फायटर त्या वर्षी जुलैत पाण्यावरून उडालं. सोव्हिएत बेरिएव्हचं बीई-१० १९५६ मध्ये उडालं आणि १९६१ मध्ये त्याने सीप्लेनसाठी ताशी ९१२ किलोमीटरचा विक्रम केला. अमेरिकेचं मार्टिन सीमास्टर तर चार इंजिनांचं मोठं बॉम्बर होतं, पहिलं उड्डाण जुलै १९५५. बेरिएव्हचंच बीई-२०० आजही वणवे विझवतं, पाण्यावरून धावता धावता १२ टन पाणी पोटात भरून घेतं.

पण पाणी गिळण्याची तुमची भीती शंभर टक्के खरी आहे, काका. या सगळ्या विमानांच्या रचनेत तीच भीती दिसते. सीमास्टरची इंजिनं पंखांच्या वर, धडाला चिकटून बसवली, का? तर तुषार तिथवर पोचू नयेत म्हणून. मग आफ्टरबर्नरच्या (जादा जोरासाठी इंजिनाच्या मागच्या झोतात इंधन जाळतात त्याच्या) उष्णतेने धडाची कातडी भाजायला लागली, तेव्हा इंजिनं थोडी बाहेरच्या बाजूला तिरकी करावी लागली. बीई-२०० मध्येही इंजिनं वर आणि मागे आहेत.

म्हणून मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर कॅनबेराची इंजिनं पंखातून कापून काढली. कॅनबेराची एव्हॉन इंजिनं पंखाच्या मधोमध असतात हे तुम्हाला मी काय सांगणार! ती तिथेच ठेवली असती तर तोंडं थेट फवाऱ्यात आली असती. ती पंखाच्या मुळाशी वर नेली. पण वर नेल्यावर गरम झोत सरळ आडव्या शेपटीवर जायला लागला, म्हणून आडवी शेपटी उचलून उभ्या शेपटीवर अर्ध्या उंचीला नेली. एक गोष्ट हलवली की दुसरी हलवावीच लागते. किट जसंच्या तसं जोडताना कॅनबेराची शेपटी तिथेच का आहे हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कापायला घेतलं तेव्हा पडला.

खालच्या बोटीचं काम सगळ्यात जास्त दिवस चाललं. एक मिलिमीटरच्या प्लास्टिक कार्डाचे आडवे पडदे, वरून एम-सील, मग लांबी (पुट्टी), मग घासणं, पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. धडाखाली २० मिलिमीटर खोली वाढवली, म्हणजे खऱ्या मापात सुमारे १.४४ मीटर. तेवढी नसती तर पंख पाण्याच्या फार जवळ राहिले असते. बोटीच्या तळाला मधे एक पायरी लागते. ती नसेल तर पाणी तळाला चिकटून विमानाला खाली ओढत राहतं. पायरीमागे हवा शिरते आणि ते चिकटणं सुटतं. ही पायरी विमानाच्या गुरुत्वमध्याच्या किंचित मागे हवी, नाहीतर नाक वर उचलता येत नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नात ती चार मिलिमीटर पुढे आली होती. एवढ्याशा मॉडेलला काय फरक पडतो असं म्हणून सोडलं असतं तरी चाललं असतं. मी सगळी पायरी तासून काढली आणि नव्याने बसवली.

हे समजून घ्यायला मी दोन ठिकाणी गेलो. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर स्पीडबोटींचा फवारा नेमका कुठून सुटतो ते बघत बसलो. आणि हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला गेलो, तिथे वारकरी पक्षी उडण्याआधी पाण्यावर कितीतरी पावलं धावतो. पहिली पावलं जड, पाणी उडवणारी, आणि मग शरीर वर येतं तसं पाणी कमी कमी उडतं. सीप्लेनचंही तसंच होतं. सगळ्यात जास्त फवारा सुरुवातीच्या वेगाला, विमान पाण्यात खोल बसलेलं असताना उडतो. म्हणून मॉडेलच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या लावल्या, पाणी खाली दाबायला. त्या फोटोत नीट दिसत नाहीत, आता जवळून फोटो काढून टाकतो.

आमचे बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होते, मिग-२१ वर हात बसलेला माणूस. त्यांनी मॉडेल हातात घेऊन एकच विचारलं, "समुद्रातून आल्यावर हे धुणार कुठे?" खारं पाणी अॅल्युमिनियम खातं, इंजिनाच्या पात्यांवर मीठ साचतं. रोज गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय असं विमान टिकत नाही. म्हणून त्याला किनाऱ्यावर ओढायची चाकांची गाडी आणि शेजारी पाण्याचा टँकर केला. त्याचा तळ कुठे आहे तेही ठरवलं: मद्रासजवळचा रेड हिल्स तलाव. दुसऱ्या महायुद्धात तिथे खरोखर कॅटालिना सीप्लेन होती, आणि पाणी गोडं आहे.

बॉम्बचे दरवाजे मात्र बंद करून टाकले. सीमास्टरला पाणी आत येऊ न देणारा फिरता दरवाजा होता, तो १/७२ मध्ये मला पटेल असा बनवता आला नाही. पोटातली चार तोफांची पेटीही गेली. शस्त्रं आता फक्त पंखाखाली. पंखांच्या टोकाच्या इंधन टाक्यांचे तरंडे केले, पण कॅनबेराचे पंख बाहेरच्या बाजूला वर चढत जातात, त्यामुळे त्यांना लांब दांड्या द्याव्या लागल्या. त्या मला अजून आवडलेल्या नाहीत.

"चांगल्या विमानाची होडी" म्हणालात त्याबद्दल. हे किट मला एका मित्राकडून मिळालं तेव्हा त्यात चाकं नव्हती, चाकांचे पाय नव्हते, डेकल (चिन्हं आणि नंबरांची चिकटचित्रं) नव्हती. जमिनीवर उभी राहणारी कॅनबेरा त्यातून होणारच नव्हती. पण पूर्ण किट असतं तरी कदाचित मी हे केलं असतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो. कॅनबेराचा तो रुंद, मोठा पंख कमी वेगाला विमान धरून ठेवतो, आणि पाण्यावर उतरायला तेच हवं असतं. विमान निवडताना मी तिचा गुणच बघितला, काका. आणि ज्या सीमास्टरकडून मी शिकलो त्याची पहिली दोन्ही विमानं चाचणीत गेली, पहिल्यात चौघे वारले. पुढे १९५९ मध्ये तो प्रकल्पच बंद झाला. पाण्यावरचं जेट हा कुणाचा पोरखेळ नव्हता, हे मी विसरलेलो नाही.

फोटो फिरवण्याबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि ते मला सुचायला हवं होतं. आपल्याकडे असले फोटो दोन दिवसांत "भारताचं गुप्त विमान" होऊन घरच्या ग्रुपवर परत येतात. आज सगळ्या फोटोंवर "काल्पनिक मॉडेल" असं मोठ्या अक्षरांत लिहून पुन्हा टाकतोय. खाली मापासाठी ठेवलेलं एक रुपयाचं नाणंही आता फोटोतून कापून टाकणार नाही, म्हणजे आकार लगेच कळेल.

आता नंबर. तो मी वेगळ्या डेकलच्या कागदावरून घेतला, कारण तो तिथे होता आणि छान दिसत होता. त्याच्यामागे कुणाचे हात असतील हा विचार मी केला नाही. कॅनबेरा १९५७ पासून २००७ पर्यंत, पन्नास वर्षं आपल्याकडे होती. काँगोला गेली, पासष्टला आणि एकाहत्तरला लढली. प्रत्येक नंबराखाली माणसं होती. कॅनबेराच्या बी(आय)५८ या प्रकारात तर नाकात बसणाऱ्या नॅव्हिगेटरला संकटात बाहेर फेकणारी इजेक्शन सीटही नव्हती. असा नंबर कल्पनेतल्या विमानावर लावायला नको होता. काल रात्री कोमट पाण्याने भिजवून आणि चिकटपट्टीने उचलून तो काढला. खालचा रंग थोडा निघाला, तेवढा भाग पुन्हा मारेन. तिथे कुठल्याच विमानाला कधी न दिलेला, कुठल्याच यादीत नसलेला नंबर येईल. तिरंगी गोल मात्र ठेवतोय. या कल्पनेतही हे विमान आपल्याच हवाई दलाचं आहे, आणि त्यावर तुमची हरकत असेल तर जरूर लिहा.

दुसरं एक कॅनबेराचं किट कपाटात आहे, पूर्ण, चाकांसकट. ते तुमच्या नंबरासाठी ठेवतो, काहीही न कापता. त्यासाठी एक विचारायचंय. काडतूस फोडून इंजिन सुरू केलं की काळा धूर सुटायचा, हे वाचलंय. त्याची काजळी इंजिनाच्या खोळीवर नेमकी कुठल्या बाजूला बसायची, आणि तुम्ही ती रोज पुसायचात की तशीच राहायची? फोटोंत मला ते नीट दिसत नाही.