हमीपत्र, शौचालय आणि सहल

पुण्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचा मुलगा तिशीतला आहे. बौद्धिक अक्षमता आहे, शिवाय फिट येतात. तो ज्या कार्यशाळेत जातो तिथली वार्षिक सहल यंदा रद्द झाली आणि पालकांमध्ये जुंपली. संस्थेचं म्हणणं, वाटेत कुणाला फिट आली तर जबाबदारी कुणाची? आधी हमीपत्र द्या. काही पालक म्हणतात, हमीपत्रच द्यायचं तर मुलांना आम्हीच फिरवून आणू. बाकीच्यांचं पालुपद ठरलेलं: परदेशात बघा, सगळं सरकार करतं. त्याचं बिल माझ्या नावावर फाडलं जातं, कारण मी इंग्लंडमध्ये अशाच प्रौढांच्या केंद्रात काम करते.

तर इथलं सरकार काय करतं ते सांगते. कायदा पक्का आहे. २०१० च्या समानता कायद्यानुसार दुकान असो की संग्रहालय, अपंग ग्राहकासाठी वाजवी ते बदल करावेच लागतात. रेल्वेचं सवलत कार्ड असलं की त्या व्यक्तीला आणि एका सोबत्याला तिकिटात एक तृतीयांश सूट. बसचा पास फुकट, पण कामाच्या दिवशी त्याची देशभर हमी सकाळी साडेनऊनंतरच. त्याआधी चालेल की नाही हे स्थानिक परिषद ठरवते. बसमध्ये व्हीलचेअरची जागा बहुतेक एकच. त्यामुळे व्हीलचेअर वापरणारे दोन मित्र सोबत निघाले की एक जण पुढच्या बसने येतो आणि दुसरा थांब्यावर त्याची वाट बघत बसतो. त्या जागेत बाबागाडी उभी असेल तर चालकाने नुसती विनंती करून हात झटकू नयेत, हे २०१७ साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. स्वर्ग वगैरे नाही हा.

आमच्या सहलीचा मार्ग ठरतो शौचालयावरून. नेहमीचं अपंगांसाठीचं शौचालय पुरत नाही. ज्या प्रौढ माणसाला उचलून झोपवून कपडे बदलावे लागतात, त्याला उचलायचं यंत्र हवं, मोठ्या माणसाच्या मापाचा बाक हवा आणि दोन मदतनीस दोन्ही बाजूंना उभे राहतील एवढी जागा हवी. त्यासाठी ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची मोहीम २००६ मध्ये सुरू झाली. अशी खोली किमान बारा चौरस मीटरची असावी लागते आणि इंग्लंडमध्ये २०२१ पासून नव्या मोठ्या सार्वजनिक इमारतींत ती सक्तीची आहे. नकाशावर ती जिथे दिसते, तिथून तासाभराच्या आतलंच ठिकाण आम्ही निवडतो. ती नसेल तर माणसाला सार्वजनिक शौचालयाच्या फरशीवर आडवं करावं लागतं, नाहीतर त्याने घरी राहायचं.

आता जबाबदारीचं. पुण्यात ज्या प्रश्नावर सहल अडली, तो इथे कागदावर वाटून टाकलेला असतो. प्रत्येकाच्या नावाचं एक पान. फिट आली तर घड्याळ लावायचं; पाच मिनिटांच्या वर गेली तर गालाच्या आत द्यायचं औषध कुणाच्या पिशवीत आहे, ते द्यायचं प्रशिक्षण कुणी घेतलंय, रुग्णवाहिका कधी बोलवायची. गिळताना ठसका लागतो म्हणून कुणाचं पाणी दाट करून द्यायचं. गर्दीत घाबरला तर काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही. हमीपत्रात फक्त ‘काही झालं तर आम्ही जबाबदार नाही’ एवढंच असतं. या पानात काही झालं तर कुणी काय करायचं ते असतं. याला सरकारी अनुदान लागत नाही. एक आई आणि एक शिक्षिका बसल्या तर एका दुपारी लिहून होईल.

कागदाचा अतिरेकही इथेच पाहिला. आयत्या वेळी ऊन पडलं म्हणून बागेत जाऊ म्हटलं तर जोखमीचा तक्ता नाही. कर्मचाऱ्याची पाळी तीनला संपते म्हणून समुद्र दिसायला लागला की परत फिरायचं. सोबतच्या कर्मचाऱ्याचं जेवण कुणाच्या पैशांतून, यावरून घरचे आणि संस्था यांच्यात चक्क भांडणं होतात.

तरी एक गोष्ट इथली मला फार पटते. २००५ च्या मानसिक क्षमतेच्या कायद्यात लिहिलंय की एखाद्याचा निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं ठरवायचं नाही. सहलीआधी आम्ही चित्रांची कार्डं मांडतो: किल्ला, प्राणिसंग्रहालय, बाग. पन्नाशीच्या एका गृहस्थांनी सगळी कार्डं बाजूला सारली आणि रस्त्यापलीकडच्या स्वयंचलित गाडी धुण्याच्या केंद्राकडे बोट दाखवलं. गाडीत बसून ते फिरते ब्रश काचेवर आपटताना बघायचे होते त्यांना. गेलो. बाहेर आल्यावर म्हणाले, परत. परत गेलो.

आपल्याकडे हे विचारतो कोण? सहलीचं ठिकाण देणगीदार ठरवतो, बसला फलक लागतो, पाहुण्यांचं भाषण होतं आणि चाळिशीची माणसं एकसारख्या टोप्या घालून फोटोत ‘मुलं’ म्हणून उभी राहतात. घरी माया असते, नाही असं नाही. मैत्रिणीचा मुलगा प्रत्येक लग्नात, प्रत्येक गणपतीत सगळ्यांच्या पंगतीला असतो. इथे इंग्लंडमध्ये कित्येकांच्या आयुष्यात पगार न घेता भेटणारं माणूसच नाही. पण त्याच मायेच्या पोटात ‘त्याला काय कळतंय’ हेही असतं. आपला २०१६ चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा मात्र मर्यादित पालकत्वाची गोष्ट करतो: निर्णय पालकाने आणि त्या व्यक्तीने मिळून घ्यायचा. त्याच कायद्यात करमणुकीचाही हक्क आहे. सुगम्यतेचे किमान नियम सक्तीचे करा, असं नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं. रॅम्प होतील तेव्हा होतील. तोवर चाळीस जणांची बस विसरा, चौघं जा, आदल्या दिवशी तिथलं शौचालय स्वतः बघून या.

मैत्रिणीला म्हटलं, त्याला विचार तरी. तिने विचारलं. त्याला लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसायचंय आणि त्याच गाडीने परत यायचंय.

“अगं, पण लोणावळ्याला उतरून काहीतरी बघायला नको का?” ती म्हणाली.

“कशाला?”