मामांचा क्रिस आणि सोमलाचा मेसेज

मामांनी क्वालालंपूरहून आणलेला क्रिस, म्हणजे मलय खंजीर, काल माळ्यावर टाकायला काढला होता. का, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर 'अस्सल मलय खंजीर असा ओळखा' हा मेसेज आला. त्यानुसार नागमोडी असेल तोच क्रिस, सरळ पातं म्हणजे बादिक, तिकडचाच दुसरा खंजीर. वळणं सम भरली तर नकली. अस्सल पातं उल्केच्या लोखंडाचंच. आणि खात्री हवी तर लिंबाच्या रसात सोमल, म्हणजे विषारी आर्सेनिक, कालवून पातं बुडवा, काळं पडलं की खरं! "सोमल कुठे मिळेल रे?" असं मामांनी मला फोनवर विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं.

आधी त्याच मुद्द्याचं बघू. जावात आर्सेनिक आणि लिंबाचा रस पात्याला लावतात, हे खरं. पण ती पारख नव्हे, शेवटचा हात असतो. त्याने लोखंड काळवंडतं, निकेलचे थर उजळ राहतात आणि पात्यावरची नक्षी, म्हणजे पामोर, उठून दिसते. हे काम जाणकार करतात. काळं पडण्याचं काय, नुसतं लिंबू चिरून न धुता ठेवली तर आमची विळीही काळी पडते. ती काय जावातल्या जुन्या मजापहित राज्याच्या राजाची? शिवाय आम्ल, लोखंड आणि आर्सेनिक एकत्र आलं की आर्सिन हा जीवघेणा वायू तयार होऊ शकतो. मेसेज लिहिणाऱ्याने हे स्वतःच्या मोरीत करून बघावं.

आता सरळ-नागमोडी. सरळ पात्याचे क्रिस जावापासून मलय द्वीपकल्पापर्यंत सगळीकडे आहेत. नागमोडी तो क्रिस म्हणायचं, तर आपला बिचवाही त्यात बसवावा लागेल! बघायचं असतं ते पात्याचं बूड. मुठीजवळ पातं एकदम रुंद होतं आणि तेही एका बाजूला जास्त. बुडाशी बहुतेक वेळा गंजा नावाचा वेगळा तुकडा बसवलेला असतो. सुलावेसी बेटावरच्या बुगी लोकांच्या बादिकला हा गंजा नसतो आणि धार एकाच बाजूला असते. युनेस्कोने इंडोनेशियाच्या क्रिसला 2005 साली गौरवलं, 2008 मध्ये तो वारशाच्या यादीत आला. त्यांचं वर्णनही असमान बुडावर भर देतं आणि पात्याचे सुमारे 40 आकार, पामोरचे सुमारे 120 प्रकार सांगतं. एवढा पसारा एका फॉरवर्डमध्ये मावणार?

वळणं विषम असतात हे मात्र मान्य, परंपरा तशीच आहे. पण ती बुडापासून दोन्ही कडांवर आलटून पालटून मोजतात, त्यात नवख्याची एकाने चूक ठरलेली. उल्केचं लोखंडही काही पात्यांत होतं. जावातल्या सुराकार्ताच्या राजवाड्यात प्रम्बाननजवळ पडलेली उल्का आहेच. पण म्हणून प्रत्येक पातं आकाशातून पडलेलं नाही.

मेसेजमध्ये पारांग आणि गोलोकही खंजीर म्हणून घुसडलेत. ते आपल्या कोयत्याचे भाऊबंद, झुडपं तोडायचे.

मामांचं पातं सरळ आहे, बूड एका बाजूला पसरलेलं आहे, गंजाच्या सांध्याची रेघ स्पष्ट दिसते. क्रिसच आहे तो. नवा आहे, पर्यटकांसाठी केलेला, पण क्रिसच. मामा, पुसायला हलकं तेल पुरे.