‘एका ठिकाणी डिलीट केली, तिन्हीकडून गेली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

मुख्य परीक्षेच्या तोंडावर तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. प्रोजेक्टरमुळे दुपारचं सत्र उशिरा सुरू झालं, हेही खरं. एक स्टार दिलात, त्यावर वाद घालत नाही. पण तुम्ही लिहिलंय, ‘एकच नोट तीन विषयांत वापरायला शिकवतात आणि एका ठिकाणी डिलीट केली की तिन्हीकडची जाते, हे सांगत नाहीत. १५०० रुपये घेऊन फसवणूक.’ यातला शेवटचा शब्द वाचल्यापासून घशाखाली घास उतरत नाही. सदाशिव पेठेत अभ्यासिकेच्या वरची एक खोली भाड्याने घेऊन आम्ही स्पर्धा परीक्षेच्या मुलांना ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमध्ये नोट्स ठेवायला शिकवतो. मुलं आधी गुगलवर रिव्ह्यू बघतात आणि मगच जिना चढतात. म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑब्सिडियनमध्ये तुमची ७३व्या घटनादुरुस्तीची (पंचायत राजची) नोट तीन ठिकाणी नव्हतीच. ती एकाच फाइलमध्ये होती. राज्यव्यवस्था, ग्रामीण विकास आणि महिला सबलीकरण या तीन नोट्समध्ये आपण फक्त एकेक ओळ टाकली होती: ![[७३वी घटनादुरुस्ती]]. त्या ओळीमुळे मूळ फाइलमधला मजकूर तिथे दिसतो. टाकी एकच, नळ तीन. महिला सबलीकरणात ती नको होती, तर तिथली तेवढी ओळ खोडायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. तुम्ही डावीकडच्या यादीत जाऊन मूळ फाइलच डिलीट केलीत.

‘हे सांगत नाहीत’ म्हणता. सांगितलं होतं, चहानंतरच्या सत्रात. तुम्ही चहाच्या आधीच टेस्ट सिरीजचा पेपर आहे म्हणून निघालात. अडवणारे आम्ही कोण? पण जाताना तुमच्या हातात झेरॉक्स दिली होती. तिच्या दुसऱ्या पानावर चौकटीत, ठळक अक्षरांत छापलंय: ‘डिलीट करण्याआधी बॅकलिंक बघा.’ ती नोट आणखी कुठे कुठे लावली आहे, त्याची यादीच तिथे दिसते. कागद घडी घालून बॅगेत गेला असेल तर त्याला आमचा इलाज नाही.

‘यापेक्षा कॉपी-पेस्ट बरं’ असंही लिहिलंय. याच नोटमधलं पंचायतींतलं महिला आरक्षण घ्या. घटनादुरुस्तीत किमान एक तृतीयांश, महाराष्ट्रात २०११ पासून ५० टक्के. कॉपी-पेस्टवाल्या मुलांच्या लॅपटॉपवर हेच आम्ही बघतो: एका नोटमध्ये ५० टक्के करून ठेवलंय आणि उरलेल्या दोन नोट्समध्ये अजून एक तृतीयांशच. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यातली कोणती उघडेल याचा नेम नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून एकच मुद्दा दोन-तीन पेपरांत लागतो, म्हणून तर ही पद्धत शिकवायला घेतली.

आता फोनचं. ‘सर फोन उचलत नाहीत’ हे वाचून घरचेही हसले, कारण जेवतानाही माझ्या कानाला फोन असतो. तुमचा फोन आला रात्री ११:४० ला. बाराच्या आत रिव्ह्यू पडला होता. सकाळी सात वाजता मीच उलट फोन केला. रिसायकल बिनही तुम्ही रिकामी करून बसला होतात. मग सेटिंग्जमधलं फाइल रिकव्हरी उघडायला लावलं. आपण काही बदललं नसेल तर ऑब्सिडियन दर पाच मिनिटांच्या अंतराने नोटची प्रत घेऊन ठेवतं आणि सात दिवस सांभाळतं. आदल्याच दिवशी तुम्ही नोटमध्ये भर घातली होती, त्यामुळे ताजी प्रत सापडली. त्याच नावाने नवी नोट करून मजकूर त्यात टाकला आणि तिन्ही ठिकाणी तो आपोआप दिसू लागला. ‘आली सर, आली!’ हे तुमचेच शब्द. नोट आली, पण रिव्ह्यूत त्याचा उल्लेख आजपर्यंत नाही.

फीबद्दल एवढंच, की वैयक्तिक वापरासाठी ऑब्सिडियन फुकट आहे हे वर्गात पहिल्यांदा आम्हीच सांगतो. पैसे घेतो ते शिकवण्याचे. यूट्यूबवर सगळं आहे हे मान्य, पण रविवारी सकाळी सात वाजता यूट्यूब फोन करत नाही.

डिलीटचा भाग चहाच्या आधी घेता येतो का ते बघतोय. प्रोजेक्टरचंही काहीतरी करतोय. तुमचं राहिलेलं सत्र पुढच्या बॅचमध्ये येऊन बसा, वेगळी फी नाही. लॅपटॉप मात्र चार्ज करून आणा, खोलीत प्लग दोनच आहेत. आणि जमलं तर नोट परत मिळाली एवढी एक ओळ रिव्ह्यूमध्ये घाला. स्टार वाढवा असं म्हणत नाही.